आजारातून उठल्यावर दवाखान्यासाठी धावायचंय? तीन वाटांची पारख, कोल्हापुरातून

मोठ्या आजारातून माणूस घरी आला, हिंडू-फिरू लागला, की घरात विषय निघतोच: ज्या सिस्टर, मामा (वॉर्डबॉय), मावशींनी रात्रंदिवस केलं त्यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे. पेढ्याचा बॉक्स तोकडा वाटतो. मग कुणीतरी म्हणतं, धावूया, पैसे उभे करूया, दवाखान्याला देऊया.

कोल्हापुरात राहून हे करायच्या तीन वाटा आहेत. मुंबई मॅरेथॉनचा चॅरिटी बिब (म्हणजे संस्थेसाठी निधी उभा करायच्या बोलीवर मिळणारा, छातीवर लावायचा क्रमांक), ऑनलाइन फंडरेझरचं पान, किंवा इथंच रंकाळा तलावाकाठी धावून थेट वॉर्डाला लागेल ती वस्तू. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिली वाट धावणाऱ्याला सगळ्यात जास्त समाधान देते, पण आपल्या वॉर्डाला तिच्यातून बहुधा काहीच पोचत नाही. दुसरी सोपी आहे आणि सोपेपणाची किंमत वसूल करते. तिसरीत कागदाचं काम लई आहे, पण आभार ज्यांचे मानायचे त्यांच्या दारात जातात ते हिच्यातूनच.

चॅरिटी बिब

टाटा मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये, तेव्हा वेगळ्या नावानं, सुरू झाली. आता ती साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण, २१.०९७ ची अर्धी, १० किलोमीटर, आणि वेळ न मोजता हसत-खेळत पूर्ण करायची ड्रीम रन. आजारातून उठलेल्याला पहिल्या वर्षी ड्रीम रनच बरी. निधीची बाजू युनायटेड वे मुंबई बघते. त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांना बिब मिळतात, संस्था ते धावणाऱ्याला देते आणि बदल्यात ठरावीक रक्कम उभी करायचं कबूल करून घेते. रक्कम कमी पडली तर फरक कोणी भरायचा, हे वाक्य अर्जात शोधा आणि मगच सही करा. नंतर वाद होतो तो याच ओळीवरून.

पैसे यादीतल्या संस्थेलाच जातात, ही खरी मेख. कर्करोगावर परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार झालेली कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची माणसं भरपूर आहेत. त्यांना कर्करुग्णांसाठी काम करणारी संस्था यादीत मिळू शकते आणि त्यांच्यासाठी ही वाट सरळ आहे. पण आपल्या थोरल्या दवाखान्यातल्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डाचे उपकार फेडायचे असतील तर मुंबईला धावून इथल्या सिस्टरला काय मिळणार? एक फोटो.

प्रवासाचं गणित: शर्यतीच्या दिवशी बिब मिळत नाही, तो आधी एक्स्पोत (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यायचा. म्हणजे शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी सकाळी मुंबई, बिब, लवकर जेवण, झोप. शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी उतरणारा माणूस स्टेशनातून बाहेर येतो तेव्हा पूर्ण आणि अर्धी मॅरेथॉन कधीच सुटलेली असते, आणि ड्रीम रनसाठी बिब हातात नसतो. दुसरी गोष्ट हवेची. जानेवारीत कोल्हापूरची पहाट गार आणि कोरडी असते, मुंबईची दमट. घाम वाळत नाही, अंग तापतं, इथं सहज जमणारा वेग तिथं जड जातो. वेग सुरुवातीपासूनच उतरवून ठेवा.

धावणाऱ्यासाठी पाचपैकी साडेचार. वॉर्डासाठी दीड.

ऑनलाइन पान

अर्ध्या तासात पान तयार होतं, लिंक व्हॉट्सॲपवर फिरते, पैसे यायला लागतात. पान वापरण्याआधी एवढं तपासा.

पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या कंपनीची) कपात किती? समजा २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर हजार रुपयांतून २३ रुपये ६० पैसे जातात. हे रास्त आहे. खटकते ती टीप. कित्येक ठिकाणी प्लॅटफॉर्मसाठीची ‘ऐच्छिक’ टीप आधीच भरून ठेवलेली असते आणि ती शून्य करायचा पर्याय शोधावा लागतो. गावाकडच्या काकांनी पाचशे दिले आणि खात्यातून साडेपाचशे गेले, तर काका प्लॅटफॉर्मला नाही, तुम्हाला बोलणार. लिंकसोबतच टीप कशी काढायची याचा स्क्रीनशॉट पाठवा.

पैसे कोणाच्या खात्यात उतरणार, हा दुसरा प्रश्न. तुमच्या खात्यात येणार असतील तर देणाऱ्याला करसवलतीची (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) पावती मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात गेलेल्या देणगीलाच मिळते, देणाऱ्याचा पॅन लागतो, २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि ही सवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच आहे. धावेची फी भरून टी-शर्ट घेतला तर ती देणगी धरली जात नाही, हेही आधीच सांगून ठेवा. मार्चमध्ये करबचतीच्या वेळी पावतीसाठी फोन येतात.

तिसरा अडथळा परदेशातल्या नातेवाइकांचा. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईहून आपल्या कमाईतून देतो तेव्हा अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली बहीण देते तेव्हा तो परदेशी निधी ठरतो आणि परकीय निधीच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच तो घेऊ शकते, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातून. इथल्या छोट्या ट्रस्टांकडे ही नोंदणी सहसा नसते. ताईला सांगा, पुढच्या वेळी गावी येशील तेव्हा सिस्टरना भेट, तेवढं पुरे.

पाचपैकी तीन, तेही टीप शून्य करता येत असेल तर.

इथंच धावून वॉर्डाला

आधी पैशाचा कायदा, कारण उत्साह इथंच घसरतो. स्वतःच्या यूपीआयवर ‘दवाखान्यासाठी’ म्हणून गावभर वर्गणी मागायची नसते. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१-क लागू होतं. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून जी परवानगी काढतात, तीच ही. पेठेतल्या कुठल्याही तालमीच्या खजिनदाराला हा अर्ज तोंडपाठ असतो, त्याच्याकडे जाऊन बसा. यातून वाचायचा सोपा मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला बरोबर घेणं, पैसे थेट त्यांच्या खात्यात, पावती त्यांची. घरच्या आणि दोस्तांच्या दहा-पंधरा जणांत काढून एक वस्तू घ्यायची असेल तर मात्र बोभाटा न करता घ्या आणि द्या.

मग खर्चाचं बजेट. समजा १०० जण, प्रत्येकी ५०० रुपये. टी-शर्टला २००, मेडलला १००, नाष्ट्याला ८०, बिब-पिनांना २० धरले, तर माणशी उरतात १००. शंभर जण धावून हातात दहा हजार. साधी घडीची एक व्हीलचेअर. मेडल आणि टी-शर्ट दोन्ही काढून टाका, तेवढ्याच माणसांत चाळीस हजार राहतात. मेडल हवंच असं म्हणणारे असतात. त्यांना हा हिशेब कागदावर दाखवा, निम्मे गप्प होतात. टी-शर्ट काढायचाच असेल तर पॉलिस्टरचा ड्राय-फिट आणि सब्लिमेशन छपाई (रंग कापडातच मुरणारी). सुती कापड घामानं भिजून काखेत घासतं, आणि छातीभर जाड रबरी छपाई केली की तिथून हवाच जात नाही. दवाखान्याचं नाव किंवा बोधचिन्ह लेखी परवानगीशिवाय छापू नका.

रंकाळा सपाट आहे, त्यामुळे आजारातून उठलेल्यांना सोयीचा, पण सूर्य वर यायच्या आत. संध्याकाळी चौपाटीला भेळेच्या गाड्या आणि गर्दी, तिथं धावणं म्हणजे वाट मागत फिरणं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात झाडी आणि सावली आहे, थोडे चढ-उतार आहेत, विद्यापीठाची परवानगी लागेल. पन्हाळा किंवा जोतिबाचा घाट कितीही मोहात पाडत असला तरी हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या आजारानंतर पहिल्या वर्षी त्याचं नाव काढू नका. रस्त्यावरून पन्नासेक जण जाणार असतील तर वाहतूक पोलिसांना पत्र द्या, तलावाकाठी मांडव किंवा स्पीकर लावणार असाल तर महापालिकेलाही.

आणि एक कोल्हापुरी धोका. धाव संपवायची दवाखान्याच्या दारात आणि तिथं हलगी-घुमकं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे दवाखान्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. टाऊन हॉलच्या बागेत थांबा, चौघांनी चालत आत जा. बाकीच्यांनी चहा घ्यावा.

वॉर्डाला काय द्यायचं

खरेदीआधी इन्चार्ज सिस्टरना विचारा. वॉर्डात काय कमी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. मग त्यांनी सांगितलेल्या वस्तूचा अर्ज सरकारी दवाखान्यात अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, प्रत अधिसेविकांना (मेट्रनना). आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वस्तू स्वीकारल्यावर ती जडवस्तू नोंदवहीत चढली पाहिजे. नोंद नसलेली वस्तू कोणाचीच नसते, ती बिघडली की दुरुस्तीला पैसे निघत नाहीत आणि वॉर्डातून दुसरीकडे गेली तर विचारताही येत नाही.

व्हीलचेअर घेताना टायर भरीव घ्या. हवेचे पंक्चर होतात आणि पंप शोधायला कोणाला वेळ नसतो. पुढची चाकं लहान असली की उंबऱ्यावर आणि फरशीच्या खाचेत अडकतात, आठ इंची बघा. हात टेकायचा दांडा निघणारा आणि पायठाण बाजूला वळणारं हवं, नाहीतर रुग्णाला खाटेवरून खुर्चीत सरकवता येत नाही, उचलावं लागतं, आणि मामांची कंबर जाते. सगळ्यात आधी हरवतं ते पायठाणच. पाठीमागे ऑइल पेंटनं वॉर्ड क्रमांक लिहूनच द्या.

लोळागोळा होऊन पडलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस लागते. ती दोन प्रकारची मिळते. फुग्याफुग्यांची स्वस्त असते, पण सुई टोचून एक छिद्र पडलं की अख्खी चादर बाद. आडव्या नळ्यांची महाग, पण फुटलेली नळी एकटी बदलता येते. वॉर्डासाठी नळ्यांचीच, आणि सोबत दोन जादा नळ्या. कंप्रेसर खाटेच्या पायाशी अडकवायचा हूक आहे ना, ते पण बघा. जमिनीवर ठेवलेला कंप्रेसर सकाळच्या पुसण्याच्या पाण्यात जातो.

सलाईनचा स्टँड पाच पायांचा. ग्लुकोमीटर देण्यापेक्षा स्ट्रिपा द्या, कारण यंत्र एकदाच लागतं आणि स्ट्रिप रोज. मात्र वॉर्डात ज्या कंपनीचं यंत्र आहे त्याच कंपनीची स्ट्रिप चालते, आणि डबी उघडली की मुदत झपाट्यानं कमी होते, म्हणून लहान डब्या. बीपीच्या यंत्राचा कफ आधी जातो, वेल्क्रो धरत नाही. मोठ्या मापाचे जादा कफ दिले तर सिस्टर मनापासून खूश होतात, जाड दंडावर लहान कफ बांधला की बीपी खोटंच जास्त दाखवतं. पाऱ्याचं यंत्र कोणी घेऊ नये. उरलेली औषधं अजिबात देऊ नका, गोळ्यांची अर्धी पाकिटं तर नाहीच.

पाण्याचा फिल्टर हे देणगीदारांचं लाडकं. पाटी मोठी लावता येते ना! पण तीन वर्षांचा देखभाल करार त्याच पैशात बसवला नाही, तर वर्षभरात फिल्टर तुंबतो आणि पाटी तेवढी राहते.

माणसांसाठी

सरकारी कर्मचाऱ्याला रोख किंवा भेटवस्तू देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे त्यांचीच अडचण होते. ड्युटी रूमसाठी खुर्च्या, कुलपाची कपाटं, पाणी तापवायची किटली अशा सगळ्यांच्या वस्तू रीतसर अर्जानं देता येतात, आणि रात्रपाळीत त्यांचा उपयोग होतो.

खाऊ न्यायचा असेल तर पाळ्या लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. अकरा वाजता दिलेला बॉक्स साडेअकराला संपतो. ज्या सिस्टरनी पहाटे तीनला ऑक्सिजन बघितला त्यांच्या वाट्याला रिकामा पुठ्ठा. तीन बॉक्स, तीन वेळा. एक्स-रे, रक्त तपासणी, जेवणाची गाडी आणि सफाईवाल्या मावशी धरून मोजा. मावशी बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि सगळ्याच यादीतून सुटतात.

आणि पत्र. अधीक्षकांच्या नावे, मराठीत, एका पानात: वॉर्ड, दाखल आणि डिस्चार्जच्या तारखा, नावं, आणि प्रत्येकानं नेमकं काय केलं ते. ‘सर्वांनी छान सेवा दिली’ लिहिलं तर त्याचा कोणालाच उपयोग नाही. कंत्राटी माणसाचं नाव असेल तर प्रत कंत्राटदाराला, कारण त्याचं काम पुढं चालू ठेवायचं का हे तो ठरवतो. या पत्राला पैसा लागत नाही, आणि आमच्या मते सगळ्या यादीत हेच सगळ्यात वजनदार. ज्याचं नाव लिहिलं त्यालाही एक प्रत हातात द्या. वॉर्डात फोटो काढाल तर मागच्या खाटेवरच्या रुग्णाचा चेहरा येऊ देऊ नका.

या वाटेला पाचपैकी चार. एक गुण कागदांच्या हेलपाट्यांसाठी कापला.

शरीराचं

कुठलीही वाट धरा, डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय बूट बांधू नका. हृदयविकारानंतर स्ट्रेस टेस्ट लागते. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंदच. बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं, ते सांधायला दोन-तीन महिने जातात, त्याआधी हात हलवत पळणंही नको. केमोनंतर हिमोग्लोबिन बघा, आणि तळपाय बधिर असतील तर रंकाळ्याच्या पदपथावरचा उचकटलेला ठोकळा पायाला कळत नाही, म्हणून मैदान निवडा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पडणं महागात जातं, अंधारात धावू नका.

बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नये. गोळी ठोके वाढूच देत नाही, घड्याळ ‘आरामात’ म्हणतं आणि दम निघालेला असतो. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, ही मोजपट्टी खरी.

ध्येय ५ किलोमीटर पुरे. आधी अर्धा तास न थांबता चालणं जमू दे. मग आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असे आठ फेरे. दोन आठवड्यांनी पळणं दोन मिनिटांवर न्या, अंग कुरकुरलं तर मागच्याच पायरीवर राहा. साधारण तीन-चार महिने लागतात. कमी केले की नडगी किंवा टाच धरते, कारण आजारात स्नायू गेलेले असतात आणि दम स्नायूंच्या आधी परत येतो. धावायच्या दिवशी दुखायला नको म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन पळणं मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. पाणी तहानेप्रमाणे प्या, घटाघटा गरजेपेक्षा फार जास्त पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं. छातीत दडपण, चक्कर किंवा ठोके चुकल्यासारखं वाटलं की जागेवर थांबा आणि १०८ लावा. सकाळी धावून सरळ तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर बसायचा बेतही पहिल्या वेळी टाळा, पोट आधीच उचमळलेलं असतं. केळं, ताक, पोहे.

तारखेचा घोळ उरला. १२ मे, परिचारिका दिन, सगळ्यांना सुचतो. त्या दिवसात कोल्हापुरात सात वाजताच ऊन चटकायला लागतं आणि दुपारनंतर वळिवाचा भरवसा नाही. धाव जानेवारीच्या शेवटी घ्या आणि वस्तू १२ मेला द्या. अर्ज, मंजुरी, तीन दुकानांची दरपत्रकं आणि नोंदवहीतली नोंद, एवढ्याला मधले तीन महिने लागतातच.